छोट्या स्पोर्ट्स कारच्या मागे स्वतः बांधलेला सायकल रॅक: आधार नेमका कुठे घ्यावा?

रानवाट (शेफील्ड)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००२ सालची माझ्दा एमएक्स-५ आहे. १९९८ ते २००५ या काळात बनलेली ही दुसरी पिढी. दोन आसने, कापडी छत, जेमतेम चार मीटर लांबी आणि कशीबशी दोन बॅगा मावतील एवढी डिकी. शनिवार-रविवार आम्ही दोघे पीक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात, सायकली चालवायला जातो. कधी जुन्या रेल्वेमार्गावरच्या मोन्साल ट्रेलवर, तर कधी लेडीबावर धरणाच्या बाजूला. एकटा असलो तर पुढचे चाक काढून सायकल शेजारच्या आसनावर ठेवता येते, पण पत्नी सोबत असली की तो मार्ग बंद होतो. माझी सायकल कार्बनची असून तिचे वजन साडेआठ किलो आहे, तर पत्नीची सायकल पोलादी फ्रेमची आणि सुमारे चौदा किलोची आहे.

सध्या मी पट्ट्यांनी डिकीला बांधायचा तयार रॅक वापरतो आणि त्यावर मी समाधानी नाही. त्याचे आकडे डिकीच्या झाकणाच्या कडेत अडकतात. ती कड पातळ पत्र्याची असल्यामुळे डाव्या बाजूला आकड्याखाली बोटाला जाणवेल इतपत चेप आली आहे आणि तिथला रंगही खरवडला गेला आहे. नायलॉनचे पट्टे पावसात भिजले की ढिले पडतात, म्हणून वाटेत थांबून ते पुन्हा ओढावे लागतात. रॅक लावलेला असताना डिकी उघडता येत नाही, ही अडचण वेगळीच.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांकडे फॅब्रिकेशनची छोटी शेड असून ते वेल्डिंग करून द्यायला तयार आहेत. त्यामुळे डिकीला अजिबात न टेकणारा, थेट गाडीच्या सांगाड्यावर बसणारा आणि काम झाले की काढून ठेवता येणारा रॅक बनवावा, असे मनात आहे. आधार नेमका कुठे घ्यावा, पाइप पोलादाचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा, आणि नंबर प्लेट व दिवे झाकले जाण्याचा प्रश्न कसा सोडवावा, याबाबत आपला अनुभव कळल्यास फार मदत होईल.

---

मिडलँडकर (कॉव्हेंट्री)

आपल्याच पिढीची गाडी मी गेली बरीच वर्षे वापरतो आणि तिच्या मागच्या बाजूचे काम स्वतः केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

डिकीचे झाकण हा आधार कधीच नव्हता, असे समजून पुढे चला. ते झाकण दोन बिजागऱ्या आणि एक कुलूप यांच्यावर तोललेले असते. त्याचे काम सामान झाकणे आणि पाणी अडवणे एवढेच आहे. मागच्या बंपरचे प्लास्टिकचे आवरण क्लिपा व स्क्रू काढून उतरवले की आतली आडवी मजबुतीची पट्टी दिसते, आणि ती ज्या जागी बोल्टांनी गाडीच्या दोन्ही बाजूंच्या रेल्सना (सांगाड्याच्या लांब पोकळ तुळयांना) पकडलेली असते त्याच जागा आपल्या कामाच्या आहेत. डावीकडच्या व उजवीकडच्या रेल्सना एकेक जाड ब्रॅकेट आणि त्या दोघांना जोडणारा एक आडवा चौकोनी पाइप, असा पाया ठेवावा. सायकली वळणावर डावी-उजवीकडे झुलतात तेव्हा मध्यभागी एकाच ठिकाणी घेतलेला आधार पिळला जातो. तोच भार दोन लांबच्या टोकांवर वाटला गेला, तर प्रत्येक टोकावर फारच थोडा येतो.

मात्र पाइप विकत घेण्यापूर्वी गाडी उचलून गंज तपासा, ही माझी कळकळीची विनंती आहे. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि या पिढीची गाडी गंजासाठी कुप्रसिद्ध आहे. पुढच्या चेसिस रेल्स आणि मागच्या चाकांपुढचे सिल (दारांखालची पत्र्याची पेटी) यांची चर्चा सगळे करतात, परंतु मागच्या रेल्सच्या टोकांकडे कोणी पाहत नाही, कारण ती बंपरच्या आवरणाखाली लपलेली असतात आणि चाकांनी उडवलेला चिखल तिथेच साचतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. धड पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो आणि अंडरसीलचे (गाडीच्या तळाला दिलेल्या गंजरोधक लेपाचे) पापुद्रे सुटून येतात. बद्द आवाज आला तर आधी तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा आणि मगच रॅकचा विचार करावा. गंजलेल्या रेल्सवर कितीही जाड ब्रॅकेट लावले, तरी बोल्टाभोवतीचा पत्रा फाटून ब्रॅकेट सुटणारच.

रॅकचा कुठलाही भाग गाडीला वेल्ड करू नका. सगळे बोल्टांनीच बसवा. पेट्रोलची टाकी आसनांच्या मागे, डिकीच्या अगदी पुढ्यात असते, आणि वेल्डच्या उष्णतेने रेल्सच्या आतले गंजरोधक मेण जळून जाते. शिवाय उद्या गाडी विकायची झाली, तर बोल्ट काढून ती मूळ स्थितीत आणता येते. जिथे बोल्ट निव्वळ पत्र्यातून जात असेल तिथे आतल्या बाजूने किमान ३ मिमी जाडीची, तळहाताएवढी पोलादी पट्टी द्यावी, म्हणजे ताण एका भोकावर न येता पसरेल.

आता सायलेन्सरकडे लक्ष द्या. या गाडीत त्याचे तोंड मागे उजवीकडे असते. सायकलचे खालचे चाक त्याच्या रेषेत आले, तर लांबच्या प्रवासात टायर आणि कार्बनची रिम दोन्ही तापून खराब होतात, आणि ते घरी पोहोचेपर्यंत लक्षातही येत नाही. म्हणून ज्यावर सायकली अडकवायच्या तो रॅकचा उभा खांब, सायकली बंपरच्या वर राहतील इतका उंच घ्या, आणि कार्बनची सायकल लावताना तिचे चाक उजव्या बाजूच्या वाफेत येत नाही ना, हे इंजिन चालू ठेवून हाताने तपासा.

डिकी उघडणे ही केवळ सोयीची बाब नाही. या गाडीची बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात असते आणि स्टेपनीही डिकीतच असते. रस्त्यात गाडी बंद पडली, तर सायकली न उतरवताही या दोन्हींपर्यंत हात पोहोचायलाच हवा. खांब मागे कलता येईल असा बिजागरीचा सांधा द्यावा, ही माझी शिफारस आहे.

---

भोसरीचा फॅब्रिकेटर (पिंपरी-चिंचवड)

गाडी विलायतेतली असली तरी लोखंड सगळीकडे सारखेच वागते, म्हणून माझ्या बाजूचे लिहितो.

आधी भार मोजू. दोन सायकली मिळून साडेबावीस किलो आणि गाडीबाहेर लोंबणारा रॅकचा भाग सुमारे बारा किलो, म्हणजे पस्तीस किलो धरू. हे वजन आधारापासून सरासरी ४५ सेंटीमीटर मागे असेल, तर गाडी उभी असताना आधारावर सुमारे १५५ न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. खड्ड्यात चाक आदळले की तोच जोर काही क्षणांसाठी दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून तिप्पट धरून ४६५ न्यूटन-मीटर घ्या. ४० × ४० मिमीचा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप घेतला, तर त्याच्या वरच्या कडेला ताण साधारण ९० मेगापास्कल येतो. साध्या एमएस (सौम्य पोलादाच्या) पाइपाला कायमचा वाक येण्याची मर्यादा २३५ मेगापास्कलच्या आसपास असते. तात्पर्य असे, की पाइप मोडेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली ५ किंवा ६ मिमी जाडीचा पाइप वापरून रॅकचेच वजन वीस-पंचवीस किलोवर नेऊ नये. जड रॅक म्हणजे आधारावर जास्त जोर, आणि तोही सायकली नसताना.

धोका पाइपात नसून दोन ठिकाणी असतो: वेल्डच्या कडेला आणि सैल सांध्यात.

मागे निघालेल्या आडव्या पाइपाची वरची बाजू कायम ताणली जात असते आणि खालची दाबली जात असते. गाडीच्या सततच्या थरथरीने वेल्डच्या कडेला, म्हणजे जिथे वितळलेला धातू संपतो आणि मूळ पाइप सुरू होतो त्या रेषेवर, मर्यादेपेक्षा खूप कमी ताणातही हळूहळू तडा जातो. म्हणून जिथे जोर सर्वात जास्त, म्हणजे आधाराच्या अगदी जवळ, तिथे पाइपाच्या वरच्या बाजूवर आडवा वेल्ड येऊ देऊ नका. गसेट (सांध्याला बळकटी देणारी तिकोनी पट्टी) बाजूंना लावा आणि त्याचे टोक एकदम तुटक न ठेवता निमुळते करत न्या. सगळा सांगाडा आधी नुसता टॅक मारून (ठिकठिकाणी वेल्डचे टिपके देऊन) गाडीला लावून पाहावा, सायकली चढवून मापे तपासावीत आणि मगच बाहेर काढून पूर्ण वेल्ड करावा. एका बाजूचा वेल्ड सलग मारत गेल्यास पाइप त्या बाजूला ओढला जातो आणि नंतर ब्रॅकेटची भोके जुळत नाहीत.

काढता येण्याजोगा सांधा करायचा असेल, तर गाडीवर ५० × ५० मिमीचा, ४ मिमी जाडीचा पाइप ठेवावा, म्हणजे आतून ४२ मिमी मोकळे राहतात आणि त्यात ४० चा पाइप सरकतो. बाजारातल्या चौकोनी पाइपाच्या आत एका बाजूला शिवणीचा उंचवटा असतो. तो लांब चपट्या कानशीने घासून काढल्याशिवाय आतला पाइप शिरणार नाही, आणि ठोकून घुसवला तर पुन्हा निघणार नाही. अडकवणारी पिन १२ मिमीची, आडवी आणि पाइपाच्या उंचीच्या बरोबर मध्यावर ठेवावी, कारण वाकण्याचा ताण तिथे सर्वात कमी असतो आणि भोकाने पाइप कमजोर होत नाही. उरलेली दोन मिमीची फट तशीच सोडली, तर खांबाच्या टोकाशी ती काही सेंटीमीटरचा झोल होते आणि प्रत्येक खड्ड्यात सांध्यावर घण बसतो. त्यासाठी बाहेरच्या पाइपाच्या खालच्या कोपऱ्यावर एम-१२ (१२ मिमी) चा नट तिरका वेल्ड करून त्यातून बोल्ट आवळावा. तो आतल्या पाइपाला समोरच्या कोपऱ्यात दाबून धरतो आणि वर-खाली तसेच डावी-उजवीकडे, असा दोन्ही दिशांचा झोल एकाच बोल्टाने जातो.

ॲल्युमिनियमचा मोह टाळावा. ६०८२ प्रतीचा टी-६ (उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेला) पाइप कागदावर पोलादाच्या बरोबरीचा दिसतो, पण वेल्डच्या उष्णतेने सांध्याजवळची त्याची ताकद जवळपास निम्मी होते, आणि आपला सगळा जोर तिथेच असतो. शिवाय गंजणाऱ्या पोलादाला ॲल्युमिनियम भिडवून त्यावर मिठाचे पाणी पडू देणे योग्य नाही. खांबावरचे सायकल धरणारे हात मात्र बोल्टांनी जोडलेले असतील, तर ॲल्युमिनियमचे चालतील.

---

ताम्हिणीचा वारा (ब्रिस्टल)

थोडा वेगळा विचार मांडतो. एकच हलकी सायकल न्यायची असेल, तर व्हॅक्यूमने काचेवर किंवा पत्र्यावर चिकटणारे मोठे रबरी कप वापरणारा रॅक या गाडीवर उत्तम बसतो आणि कसलेच फॅब्रिकेशन करावे लागत नाही. पंपाच्या दट्ट्यावर रंगीत पट्टी असते. ती दिसू लागली की हवा शिरते आहे असे समजून पुन्हा पंप मारायचा. पृष्ठभाग स्वच्छ हवा आणि प्रत्येक थांब्यावर ती पट्टी पाहायला हवी. चौदा किलोची पोलादी सायकल मात्र मी डिकीच्या पत्र्यावर लावणार नाही, कारण कप सुटला नाही तरी पत्रा हलतो. त्यामुळे आपल्या बाबतीत सांगाड्यावरचा रॅकच योग्य, असे माझेही मत आहे.

---

रानवाट (शेफील्ड)

सर्वांचे मनापासून आभार. काल बंपरचे आवरण उतरवून पाहिले. डावीकडची रेल्स धड आहे, उजवीकडे सायलेन्सरच्या वरच्या भागात वरवरचा गंज आहे, पण ठोकून पाहता आवाज खणखणीत येतो. तो भाग घासून गंजरोधक प्रायमर मारून घेतो.

दोन शंका उरल्या आहेत. खांब कलता ठेवला तर बिजागरीचा सांधा हा आणखी एक कमजोर भाग होणार नाही का? आणि मागे एवढे वजन लोंबल्यावर इतक्या हलक्या गाडीच्या पुढच्या चाकांची पकड कमी होईल का?

---

मिडलँडकर (कॉव्हेंट्री)

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. वजन मागच्या आसापासून सुमारे १.२ मीटर मागे आहे आणि दोन आसांतील अंतर २.२६५ मीटर आहे. पस्तीस किलोंमुळे पुढच्या चाकांवरचा भार साधारण १८ किलोंनी कमी होतो आणि मागच्या चाकांवर ५३ किलोंची भर पडते. एक टनाच्या आसपासच्या गाडीत हा फरक स्टिअरिंगला हलकेपणा आणतो, पण दोघे बसलेले असताना धोका म्हणावा इतका नसतो. ओल्या रस्त्यावर वळणे थोडी सावकाश घ्या आणि टायरची हवा तपासा. पुढे बॅटरीवरच्या सायकली घ्यायचा विचार असेल तर मात्र हिशोब पार बदलतो. तशी एकेक सायकल वीस ते पंचवीस किलोची असते, आणि तशा दोन सायकली मी या गाडीच्या मागे लावणार नाही.

आता दिवे आणि नंबर प्लेट. इथे ब्रिटनमध्ये मागची प्लेट झाकलेली असणे हा गुन्हा असून त्यासाठी एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. दिवे झाकले गेले तर तोही गुन्हा आहेच, आणि मागून येणाऱ्याला आपले ब्रेक दिसत नाहीत ही त्याहून मोठी बाब. सायकलींच्या मागे बांधायचा दिव्यांचा बोर्ड घ्या आणि त्यावर नियमानुसार पिवळ्या रंगाची, त्याच क्रमांकाची प्लेट लावा. हा बोर्ड गाडीला जोडण्याच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकची, तपकिरी उजव्या व काळी डाव्या मागच्या दिव्याची, निळी धुक्याच्या दिव्याची आणि पांढरी अर्थची असते. गाडीच्या जुन्या तारांवर जादा भार टाकू नये म्हणून मध्ये बायपास रिले (गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घेऊन बोर्डाला वेगळी वीज देणारा स्विच) बसवावा आणि त्याची मुख्य तार फ्यूजमधून थेट बॅटरीवर न्यावी. बॅटरी डिकीतच असल्यामुळे हे काम या गाडीत सोपे आहे. डिकीच्या झाकणातला मधला ब्रेकलाइट सायकलींमागे लपतो, त्यामुळे बोर्डावरचे ब्रेकलाइट ठळक असलेलेच घ्या.

विमा कंपनीला या बदलाची लेखी कल्पना द्या. त्यासाठी बहुधा एक ईमेल पुरते, पण ती दिलेली नसेल तर अपघातानंतर वाद निर्माण होतो.

---

भोसरीचा फॅब्रिकेटर (पिंपरी-चिंचवड)

बिजागरीबद्दल आपली शंका रास्त आहे. बिजागरीच्या बोल्टावर भार ठेवायचाच नाही, ही त्यातली युक्ती. खांबाच्या तळाशी दोन्ही बाजूंना ६ मिमी जाडीच्या पट्ट्या घ्या. खालच्या भोकातला बोल्ट कलण्यासाठी आणि त्याच्या वर किमान ८० मिमीवर दुसरे भोक, ज्यात पिन घातली की खांब उभा अडकतो. वाकवणारा जोर या दोन भोकांतील अंतरावर विभागला जातो, म्हणून ते अंतर जितके जास्त तितका प्रत्येक पिनेवरचा जोर कमी. ८० मिमीवर आपला तिप्पट धरलेला जोर सहा किलोन्यूटनच्या जवळ जातो, आणि ८.८ या उच्च ताकदीच्या प्रतीचा एम-१२ बोल्ट तो सहज पेलतो. खांब या पट्ट्यांमध्ये घट्ट बसावा म्हणून वेल्ड केल्यावर त्या एकमेकींना समांतर आहेत ना, हे आतून गुण्या लावून पाहा.

पाइपांची टोके टोप्यांनी बंद करा, पण प्रत्येक पाइपाच्या सर्वात खालच्या जागी ८ मिमीचे भोक ठेवा. साचलेले पाणी बाहेर पडायला वाट नसेल, तर पाइप आतून गंजतो आणि वरचा रंग शाबूत दिसत राहतो. जवळपास गॅल्व्हनायझिंगची (जस्ताचा थर चढवण्याची) सोय असेल तर रंगाऐवजी तेच करून घ्या. तेव्हाही ही भोके लागतातच, नाहीतर वितळलेल्या जस्तात बुडवताना आत कोंडलेली हवा व ओल पाइप फोडू शकते.

पहिल्यांदा सायकली लावण्याआधी रॅकची परीक्षा घ्या. खांबाच्या टोकापासून जमिनीपर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मग सायकलींच्या जागी वाळूच्या गोण्या बांधून सायकलींच्या दुप्पट, म्हणजे ४५ किलो भार द्या आणि गाडीचा मागचा भाग हाताने दाबून चांगला हलवा. गोण्या उतरवून उंची पुन्हा मोजा. ती पहिल्याइतकीच भरली तर सांगाडा कुठेही कायमचा वाकलेला नाही. दोन-तीन मिमीचाही फरक आला, तर तो कुठे गेला ते शोधल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. बहुतेक वेळा ब्रॅकेट रेल्सवर किंचित सरकलेले असते. बोल्ट आवळून झाल्यावर प्रत्येक नटापासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर थांबून रेघा जुळतात का पाहा आणि वेल्डच्या कडेवरून फडके फिरवा. तडा गेला असेल तर फडक्याचा धागा तिथे अडकतो.